कार्यवाही बाकी

आवक नंबर पडल्याशिवाय जगात काही घडतच नाही, अशी आमच्या भाऊसाहेबांची ठाम श्रद्धा होती. भाऊसाहेब म्हणजे वडवणीच्या आमच्या शिक्षण संस्थेचे हेडक्लार्क. मी तिथेच कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे त्यांच्या लेखी जरा उथळच माणूस. लग्नपत्रिका आली तरी ते तिला नंबर देत. ई-मेल आला की आधी छापायचा, कागदावर गोल शिक्का हाणायचा, रजिस्टरात चढवायचा आणि शेवटच्या रकान्यात काय कार्यवाही केली ते लिहायचं. एकदा मी म्हणालो, अहो, मशीन तारीख-वेळ आपोआप ठेवतं. "ठेवत असंल," ते म्हणाले, "पण चुकलं तर मेमो कुणाला देयाचा सर?" मी गुमान छापून कागद त्यांच्या हातात दिला.

आमच्या ऑफिसचं ई-मेलचं सॉफ्टवेअर विकतचं होतं. त्याचं लायसन संपत आलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, आता फुकटातलं बघा, ते ओपन सोर्स का काय म्हणतात ते. पत्रव्यवहार, कॅलेंडर, कामांच्या याद्या, सगळं एकात असलेलं. कोणतं घ्यायचं ते ठरवायला समिती नेमली: भाऊसाहेब आणि मी. मी हुरळलो. एका दुपारीच उरकेल असं मला वाटलं होतं.

पण भाऊसाहेब वडवणीच्या बाजारात पावशेर वांग्यांसाठी तीन फेऱ्या मारणारा माणूस. मी चार सॉफ्टवेअर लावून दाखवली. पहिल्याची मी तासभर आरती ओवाळली. रंगीत कॅलेंडर, सगळ्या शाखांची एकत्र डायरी, मोबाईलवर घंटी. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी चष्मा पुसत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पत्र आलं, माणसानं वाचलं आन् केलं काहीच न्हाई, तर हे बोंब मारतं का?"

नव्हतं मारत. एकदा उघडलं की पत्र जुन्यांत जाऊन बसायचं. "नाव सोनूबाई आन् हाती कथलाचा वाळा," म्हणत त्यांनी ते नापास केलं. दुसरंही तसंच. तिसरं एकदा आठवण करून देऊन गप्प बसायचं. "एकदा सांगून माणूस ऐकत असता तर काय पाहिजे होतं?" मी वैतागलो, घरी बायकोपाशी त्यांची टवाळीही केली. आज ते आठवलं की लाज वाटते.

चौथं पास झालं. त्यात पत्राला काम जोडता यायचं, आणि ते काम पूर्ण झालं म्हणून खूण करेपर्यंत पत्र रोज सकाळी लाल होऊन सगळ्यात वर यायचं. भाऊसाहेबांनी आठ दिवस त्याला छळलं, मग म्हणाले, "हे खमकं हाय." जुनं सगळं टपाल मी नव्यात आणलं. त्यांनी हट्टानं प्रत्येक जुन्या पत्राला काम जोडायला लावलं आणि मग रजिस्टर मांडीवर घेऊन एकेकावर पूर्णची खूण करत बसले. महिना गेला. शेवटी पडद्यावर एकच लाल ओळ उरली.

"एक राहिलं भाऊसाहेब," म्हणत मी माउस पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या."

पत्र घाटनांदूरच्या शाखेतल्या क्लार्कचं होतं. ते क्लार्क आणि भाऊसाहेब एकाच दिवशी नोकरीला लागलेले. मजकूर दोन ओळींचा: आठ दिस झाले, बरं वाटंना. जमलं तर येऊन जा, बोलायचं हाय.

"त्या आठवड्यात तपासणी होती," भाऊसाहेब पडद्याकडे बघत म्हणाले. "रजिस्टरात शेऱ्यात लिवलं, गुरुवारी जाणे. गुरुवारी तपासणीवाले थांबले. शनिवारी दोस्ताच्याच मातीला गेलतो. टपाल आलं, नंबर पडला, शिक्का पडला. समदं झालं सर. फकस्त जायचं ऱ्हायलं."

चार सॉफ्टवेअर त्यांनी कशासाठी चाळली ते मला तेव्हा कळलं, आणि आपण किती मूर्ख आहोत तेही. रजिस्टर माझ्यासमोरच उघडं होतं. प्रत्येक ओळीचा शेवटचा, कार्यवाहीचा रकाना त्यांच्या बारीक अक्षरानं भरलेला, तेवढा एक कोरा.

पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन चौसाळ्याला, आपल्या गावी गेले. चार्ज देताना म्हणाले, "तेवढं बंद करू नका." मी केलं नाही. नवीन हेडक्लार्क रोज सकाळी त्या लाल ओळीबद्दल कुरकुरतो. मी म्हणतो, राहू दे बाबा, त्याच्या वाटेला जाऊ नको.

परवा सकाळी त्या ओळीच्या खाली एक नवं पत्र होतं. चौसाळ्याहून. सर, सवड असली तर येऊन जा. इतकंच. मी नंबर दिला नाही, छापलं नाही. पुढचा तास दुसऱ्या सरांच्या गळ्यात घातला आणि मिळाली ती गाडी धरली.

भाऊसाहेब ओट्यावर धडधाकट बसले होते, शेंगा फोडत. "काय झालं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"कुठं काय. बघत होतो, बोंब मारतं का." मग माझ्या घामेजल्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाले, "मारायच्या आधीच आलात की हो."

त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मीही शेंगा फोडायला बसलो. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते घाटनांदूरच्या मित्राबद्दल बोलायला लागले, आणि माझी परतीची गाडी निघून गेली तरी बोलत राहिले.