प्रस्तावनेतली ढिवरीण

"आजोबा, हे विज्ञान आहे. तेरवीचं भाषण नाही."

परीक्षक सर मले असं म्हणले अन् सारा हॉल हसला.

लाखनीच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. माही नात रोशनी नववीत. आमच्या तलावातल्या गावठी मासोळ्या कमी काहून झाल्या, हा तिचा प्रकल्प. ती प्रस्तावना वाचून राहिली होती. मी मागं उभा, धुतलेल्या धोतरात.

तिच्या बाईंनी सांगितलं होतं, प्रश्न कुठून सुचला ते प्रस्तावनेत लिहा. पोरीनं खरं ते लिहिलं. "माझी आजी ढिवरीण, मासोळ्या विकायची. मिरगात आजोबांच्या जाळ्यात गाभोळीनं भरलेली मासोळी आली की ती पोट चाचपून परत पाण्यात सोडायची. म्हणायची, पोटुशी लेक माहेरी धाडतेत, तशी हिलेबी धाडा. सगळ्यांनीच असं केलं तर मासोळ्या वाढतील का?"

सर म्हणले, "ढिवरणीच्या गोष्टीनं संशोधन सुरू होत नाही, बेटा. एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव टाक. हे काढ, म्हणजे जिल्ह्याला पाठवतो."

रोशनीनं माह्याकडे पाहिलं.

मी हात जोडले. "काढते ना साहेब. लेकरू हाय. चुकलं तिचं."

पोरीनं पट्टी ठेवली. आजीवर सरळ रेघ मारली. तिची आजी जाऊन वरीस झालं नाही. चितेवर मी ठेवली, अन् कागदावरून मीच काढाले लावली. थूः माह्या जिंदगानीवर.

सर पुढच्या टेबलाकडे गेले. रोशनी हळूच म्हणली, "आबाजी, चुकलं म्हणता. काय चुकलं थे सांगा."

आमाले चूक विचारायची सवयच नाही. हात आधी जुळतेत. बापाचे असेच जुळत. माहेबी. उद्या हिचे जुळतीन.

मी सरांच्या मागं गेलो. "सर, थे आजीचं लिहिलेलं तसंच राहीन."

"मग जिल्हा विसरा."

मी रोशनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"इसरलो."

सर चिडले. "एवढं काय आहे त्या बाईत? नाव काय तिचं?"

सारा संसार झाला, पण चारचौघांत मी तिचं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. 'अवं' म्हणूनच हाक मारली. तरी म्हणलो, भरल्या हॉलात, मोठ्यानं.

"गिरजाबाई."

दोघं-चौघं तेव्हाबी हसले. हसोत.

रोशनीनं कोरा कागद घेतला. प्रस्तावना पहिल्यापासून लिहिली. पहिला शब्द आजीचं नाव. प्रकल्प जिल्ह्याला गेला नाही.

पुढच्या साली आमी पुन्हा मांडू. हाच प्रकल्प, हेच नाव. काढा म्हणतीन. काढणार नाही. अन् हे हात आता कोणाम्होरं जुळणार नाहीत.