भिंतीतले टोले

जन्मभर एक काम चोख करावं आणि म्हातारपणी नेमका त्याच कामाचा आळ अंगावर यावा, याला काय म्हणायचं सांगा. टोलेमामांवर तो आला. मामा शाळेत शिपाई होते. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, चिठ्ठ्या पोचवायचे, पण खरं काम घंटेचं. पोरांनी ‘टोलेमामा’ म्हणायला सुरुवात केली आणि मामांचं खरं नाव पगाराच्या दिवशी सहीपुरतं उरलं. त्यांचा टोला पडला की मास्तरलोक आपली घड्याळं जुळवून घेत. एकदा हेडमास्तरांचं भाषण रंगात आलेलं असताना सुट्टीची वेळ झाली. मामांनी खुशाल घंटा दिली. हेडमास्तर संतापले तेव्हा मामा म्हणाले, भाषण तुमचं आहे, वेळ शाळेची आहे. असा हा माणूस.

बायको गेल्यावर मामा मुलाकडे राहायला आले. उंच इमारतीतलं घर, चौथा मजला. त्यांना आतली खोली मिळाली, एका अंगाला मोरी, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. खोली बरी होती, खिडकीत ऊन यायचं. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि तक्रार करणं मामांच्या स्वभावातही नव्हतं.

मग भिंत वाजायला लागली. स्वयंपाकघरातला नळ कुणी झटकन बंद केला की भिंतीच्या पोटात धाड. कपड्यांचं मशीन पाणी भरून थांबलं की धाड, धाड. शेजारची बाई घरी बसून फोनवरून विम्याची कामं करायची. ती दोनदा येऊन सांगून गेली की तुमच्याकडे कुणीतरी भिंत ठोकतं, माझी गिऱ्हाइकं विचारतात, बांधकाम चालू आहे का म्हणून.

आता कुणीतरी म्हणजे कोण? दिवसभर घरात एकटे मामा. त्यात मामांची एक चूक झाली, तीही चांगुलपणापायी. आवाज येतो कुठून याचा छडा लावावा म्हणून त्यांनी स्टीलचा पेला भिंतीला लावला, त्याला कान लावला आणि बोटांच्या पेरांनी इथे तिथे ठोकून बघायला लागले. नेमकी त्याच वेळी सून दारात उभी. झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

सून वाईट नव्हती हो. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तिनं पेला हळूच काढून घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली की बाबा, राहू दे आता, शाळा सुटली. रात्रीच्या जेवणापर्यंत घराचा निवाडा झालेला होता: इतकी वर्षं घंटा वाजवली, हाताला सवय, हात शिवशिवतात बिचाऱ्यांचे. त्या ‘बिचाऱ्या’नं मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी वाजवली असती तर वेळेवर वाजवली असती,” ते मुलाला म्हणाले. “हे कुठलं वेळापत्रक? आत्ता एक, मग घटकाभर काही नाही, मग लागोपाठ दोन. मला ओळखतोस ना तू?”

मुलानं बायकोकडे बघितलं. बायकोनं मुलाकडे. त्या बघण्याची चीड मामांना पुढे कितीतरी दिवस येत राहिली.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं वार विचारला, महिना विचारला, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळ! टोलेमामांना! त्यांनी काढलं, वर दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाला, तसं काही दिसत नाही, पण या वयात असतं असं, शांत राहण्याची गोळी देऊ. गोळी सुरू झाली आणि जो माणूस कधी उजाडल्यावर उठला नव्हता तो ऊन तोंडावर येईपर्यंत लोळायला लागला. जीभ जड, डोकं जड. हे कमी होतं म्हणून की काय, मुलाचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. तो कुणाला तरी सांगत होता की जागा बघून आलोय, म्हाताऱ्या लोकांची नीट सोय आहे, बागही आहे. भिंतीचं थांबलं नाही तर तिकडे ठेवावंच लागेल.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. मामा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि का जेवले नाहीत हे कुणी विचारलंही नाही. भूक कमी होणं गोळीच्या चिठ्ठीवर छापलेलंच होतं.

असेच दोन-चार दिवस गेले आणि स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप फुटला. मुलगा-सून कामावर. मामांनी मुख्य कॉक बंद केला, पोतेरं टाकलं आणि सुनेला फोन लावला. तिनं प्लंबर पाठवला. तो पान चघळल्यासारखं तोंड हलवत काहीतरी गुणगुणत आला, पाइप बदलला आणि सहज म्हणून नळाला दाब मोजायचं घड्याळ लावलं. काटा बघून त्याचं गुणगुणणं थांबलं. काका, म्हणाला, या दाबाला हे नळ टिकलेच कसे? मग मोरीत स्टुलावर चढून त्यानं घराच्या पाण्याच्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह बघितला. येणाऱ्या पाण्याचा जोर कमी करून आत सोडणं हे त्याचं काम. आतलं रबर कधीच गेलेलं. इमारतीला नवा पंप बसवला ना मध्ये, त्याचा जोर या जुन्या व्हॉल्व्हला सोसला नाही, तो म्हणाला. नवा पंप बसला तो मामा राहायला आले त्याच महिन्यात.

मामांनी एकच विचारलं. भिंत वाजते ती यानंच का?

प्लंबरनं कॉक सोडला, मोरीतला नळ उघडला आणि खाडकन बंद केला. धाड. जोरात धावणारं पाणी एकदम अडलं की पाइपला धक्का बसतो, तो म्हणाला, त्यात काय एवढं.

मामा पालथ्या बादलीवर बसले. त्यांना रडू आलं, आणि ते रडू आनंदाचं नव्हतं.

नवा व्हॉल्व्ह बसला. त्याच्या डोक्यावरचा स्क्रू प्लंबरनं फिरवून दाखवला आणि बजावलं की हा नळाच्या उलटा, घट्ट कराल तर जोर वाढेल, सैल कराल तर कमी होईल. मग नळ पुन्हा झटकन बंद केला. भिंत गप्प.

संध्याकाळी मामांनी सगळं सांगितलं. पंप, रबर, धक्का, सगळं. मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला की बरं झालं, पाइपचं काम उरकलं. सुनेनं विचारलं, प्लंबरनं फरशी पुसली का. मामा म्हणाले, अरे भिंत थांबली. तेव्हा मुलानं मान वर केली आणि त्याचा चेहरा खुलला.

“हो ना बाबा. गोळी लागू पडली.”

घ्या! आधी कावळा म्हणून मामांना धरलं होतं, आता कावळ्याच्या जागी गोळी बसली आणि तिचा उदोउदो सुरू झाला. मामा सांगत राहिले, घरातले माना हलवत राहिले. डॉक्टरला फोन झाला. डॉक्टर खूश. म्हणाला, गोळी सोडू नका, कायमची चालू ठेवा.

रविवारी शेजारची बाई मुद्दाम आली. काका, आता किती शांत वाटत असेल ना तुम्हाला, म्हणाली. मामांनी तिला बसा म्हटलं. मोरीत गेले, स्टुलावर चढले, पान्यानं स्क्रू चांगला आवळला. बाहेर येऊन सगळ्यांच्या मधल्या खुर्चीत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. मग आत भांडी घासणाऱ्या सुनेला म्हणाले की नळ जरा झटकन बंद कर.

धाड.

मुलानं आणि शेजारणीनं एकदम मामांकडे बघितलं. सवयच ती. मग त्यांच्या हातांकडे बघितलं. सून हात पुसत बाहेर आली. मामांनी तिला पुन्हा नळ सोडून बंद करायला सांगितलं. पुन्हा धाड. शेजारीण पर्स उचलून उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

मुलाला सुचलं ते हे: “बाबा, पण तुम्ही आधी नीट सांगायचं ना.”

मामा उठले. फळीवरचं गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि मुलाच्या मांडीवर ठेवलं.

“या तू घे,” ते म्हणाले. “ज्याला ऐकू येत नाही, औषध त्याला लागतं.”

मग पाना घेऊन मोरीत गेले. मुलगा मागोमाग आला, द्या इकडे, मी चढतो म्हणाला. मामांनी त्याला पान्याला हात लावू दिला नाही. स्टूल धरायला सांगितलं, आणि ते त्यानं धरलं.