नलूआत्याने उघडलेला डबा

नलूआत्या गेली. मी आधी खात्री करून घेतली.

सकाळी फोन आला तेव्हा पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टरांनी पाहिलं का?" रडू नंतर आलं.

ही खोड तिचीच. माझी आत्या जबलपूरच्या बारूदच्या फॅक्टरीत गेटवर होती. सुटीच्या वेळी बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घ्यायची. तेच तिचं काम आणि तोच तिचा स्वभाव.

दूधवाल्याचं दूध हुंगून घ्यायची. मी शाळेतून आले की जवळ घ्यायची, पण हात आधी फ्रॉकच्या खिशांवरून फिरायचे.

"काय लपवून राहिली गं, बेबी?"

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. बाबा डबल ड्यूटी करत. पॅकिंगसाठी फॅक्टरीत टेम्पररी बायका घेतल्या, त्यात आईही लागली. म्हणजे रोज संध्याकाळी माझ्या आईची झडती तिची सख्खी नणंद घ्यायची!

आई रविवारी चहाची बिस्किटं करायची. चायपत्ती, सुंठ, वेलची, लवंग खलबत्त्यात अगदी बारीक कुटायची. डालडा आणि पिठीसाखर हाताने फेसायची, त्यात मैदा आणि ती भुकटी. वाटीने गोल कापून वर जाड साखर दाबायची.

ओव्हन कुठला? सिगडीवर पातेलं, पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, झाकणावर निखारे.

वास सगळ्या क्वार्टर्समध्ये जायचा. आत्या पहिलं बिस्किट मोडून उजेडात धरायची. "वहिनी, चायपत्ती जास्त पडली." मग चार खायची.

आई सेक्शनमधल्या बायकांसाठीही डबा भरून न्यायची.

एका सोमवारी सुटी झाली. बायकांची रांग लागली. आत्याने आईचा डबा उघडला. बिस्किटं संपली होती. तळाशी साखरेत मिसळलेली काळी-तपकिरी भुकटी होती.

बारूदच्या फॅक्टरीत. लढाई चालू असताना.

"ये क्या है?" आत्याने विचारलं. ड्यूटीवर ती आईशीसुद्धा हिंदीत बोलायची.

आईला वाटलं, थट्टा करते आहे. "अहो नलूबाई, काल तुमच्यासमोरच तर केली!"

"वहाँ बैठिए. साहब आएँगे."

दोन तास आई बाकावर बसून राहिली. येणारा-जाणारा बघत होता. साहेब आले तेव्हा आईने त्यांच्यासमोर ती भुकटी चिमटीचिमटीने खाऊन दाखवली. शेवटी बोट फिरवून डबा चाटला.

साहेबांनी सोडलं. घरी आल्यावर आई इतकंच म्हणाली, "चोर ठरवलं मला. घरच्याच माणसानं."

पुढच्या रविवारी पुन्हा बिस्किटं झाली. आईने सगळ्यांना दिली, आत्याला दिली नाहीत. आत्याने मागितली नाहीत. त्यानंतर कामापुरतं बोलणं, तेही माझ्यामार्फत.

लढाई संपल्यावर सेक्शनमध्ये परमनंटची एकच जागा निघाली. ती आईला मिळाली. माझं सगळं शिक्षण त्या पगारावर झालं.

पण मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आत्याला वहिनीची नोकरी खुपत होती. घरात कमावणारी बाई आपणच एक असावी, असं तिला वाटत होतं. तिच्या प्रत्येक गोडव्यात मला डाव दिसायचा. माझ्या लग्नात तिने सोन्याचे कानातले दिले, तर मी सोनाराकडून तपासून आणले. अस्सल होते. तरी मन मानेना.

आई गेली तेव्हाही त्या दोघींमध्ये तेवढंच अंतर होतं.

आज दुपारी बायका बसायला आल्या. त्यात काठी टेकत एक म्हातारी आली. रामकली दीदी, आईच्या सेक्शनमधली. माझा हात धरून म्हणाली, "बेटा, अर्जी मैंने दी थी."

"कसली अर्जी?"

"कि ननद डिब्बा खोलती नहीं, भौजाई माल निकालती है. पक्की जगह एक ही निकलने वाली थी, बेटा. मेरे तीन बच्चे थे. साहब ने नलिनी को बुलाया. वो बोली, कल सबके सामने खोलूँगी."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. मेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात. विचारलं, "आत्याला तुमचं नाव कळलं होतं?"

"अर्जी साहब ने उसी से पढ़वाई थी. नीचे मेरा नाम और अँगूठा था."

"मग तिने आईला सांगितलं काहून नाही?"

"तेरी माँ चुप बैठती क्या? सीधे साहब के पास जाती. झूठी अर्जी में मेरी कच्ची नौकरी भी जाती, उसी पर मैंने बरसों बच्चे पाले. नलिनी ने मुझसे एक ही बात कही, अब किसी का नाम मत लिखवाना."

त्या झडतीनंतर आईवर कोणी बोट ठेवू शकलं नाही. जागा तिला मिळाली ती त्यामुळे. आणि आत्याने आईचा राग जन्मभर सोसला, रामकली दीदींची मुलं उपाशी राहू नयेत म्हणून.

आता मला सगळ्यात जास्त जे टोचतं आहे ते लिहूनच टाकते.

आत्या जबलपूरमध्येच मदन महल भागात एका खोलीत एकटी राहायची. गेल्या दिवाळीत तिने मला विचारलं होतं, "बेबी, तुझ्याकडे येऊ का राहायला? आता एकटीनं होऊन नाही राहिलं."

मला वाटलं, आता हिच्या मनात काय आहे? म्हटलं, "बघू आत्या. घराचं काम काढलंय."

समोरच्याचं खोटं डोळ्यांत वाचणारी बाई. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.

"अच्छा. चलो, होऊ दे काम."

आत्या, घराचं कुठलंही काम काढलं नव्हतं. तुला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तू मला पकडलं नाहीस.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. सुखाने जा.