काहून नावाचं टेबल

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात डिस्क भरते तसे किस्सेही भरत जातात. डिस्क साफ करता येते हो, किस्से कोण साफ करणार! त्यातले बहुतेक वैशालीताईंचेच. ताई मूर्तिजापूरच्या. डेटाबेसवर त्यांचा हात असा बसलाय, की पुण्याचे लोकही आमच्याकडे काम देतात.

*

अकोल्यापासून अंजनगावपर्यंतच्या कापसाच्या वजनांचा डेटा आम्ही सांभाळतो. टेबल अवाढव्य, म्हणून दर महिन्याचा तुकडा वेगळा. त्या तुकड्याला म्हणायचं पार्टिशन.

एकदा ताई फोनवर ओरडल्या, "पार्टिशन चुकीच्या जागी गेलं!"

ऑफिसच्या खाली राहणारे घरमालक काका धावत वर आले. "कोणत्या भावानं वाटणीची केस टाकली, पोरी? माह्या ओळखीचा वकील हाय!"

*

झालं असं होतं. जुनी डिस्क भरत आली, म्हणून ताईंनी सर्व्हरला, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगितलं, इथून पुढचे तुकडे नव्या डिस्कवर ठेव. सर्व्हर हो म्हणाला आणि गपचूप जुन्याच डिस्कवर ठेवत राहिला!

ताई भडकल्या. "नव्या गोदामात टाक म्हटलं त हो म्हणते, अन् गाठी जुन्यातच रचते! जावई हाय का हा?"

*

ज्यांचं हे काम, ते पुण्याचे सर ऐकेनात. "एवढा नावाजलेला सर्व्हर चुकेल का? तुमचीच कमांड चुकली असेल. सिद्ध करा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ."

त्याच कामावर आमचं ऑफिस चालतं. ताई मात्र म्हणाल्या, "सर, मी चुकली त मले बोला. पण सर्व्हर चुकला त त्याले काहून सोडता?"

मग सर म्हणाले, "मॅडम, काहून म्हणजे?"

"म्हणजे का, सर!"

*

ताईंनी चूक दाखवणारं एक छोटं उदाहरण तयार केलं आणि ज्या परदेशी मंडळींनी सर्व्हर बनवला, थेट त्यांनाच पाठवलं. त्यातल्या टेबलाचं नाव काय? काहून!

मी म्हटलं, "ताई, नाव तरी बदला, हे जगभर जाईल."

"जाऊ दे ना! मले जे विचारायचं हाय, तेच लिवलं."

उत्तर आलं, 'तुमचं बरोबर आहे, चूक आमच्या सर्व्हरची.' मग काय, सगळ्यांना दह्यात भिजलेला आमचा गिलावडा! काकांनीही दोन हाणले आणि विचारलं, "जिंकली ना केस?"

*

दुरुस्त केलेला सर्व्हर आला, तेव्हा ताईंचं उदाहरण 'काहून' याच नावानं त्याच्या कायमच्या तपासणीत घातलेलं! आता जगात कुठेही हा सर्व्हर तपासला, की स्क्रीनवरून आमचं काहून जाणारच. खरं सांगतो, अभिमानानं डोळे भरून आले.

सरांनीही पुण्यात तपासणी चालवली आणि लगेच फोन लावला. "मॅडम, इथे आलंय, काहून, पास!" मग घसा खाकरून म्हणाले, "यापुढची सगळी कामं अमरावतीलाच देतोय."

ताईंनी शांतपणे विचारलं, "काहून, सर?"