वरची फळी

बांधावर चढलो आणि जागीच थांबलो. काल जिथं मिठाचे पांढरे वाफे होते तिथं आज मैलभर तळं! मार्चमधल्या एका पावसानं केलेलं. मधोमध रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा उभा. पेणजवळच्या त्या मिठागरावर मी ओव्हरसियर होतो, एकोणीसशे तीसच्या दशकात. असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं.

सुपरिंटेंडेंट दामलेसाहेब मात्र ओरडत होते, "पावसानं सगळं नासलं. उघाडी उघडा! ओहोटी आहे तोवर सगळं पाणी खाडीत जाऊ द्या."

उघाडी म्हणजे बांधातलं आडव्या फळ्यांचं दार. मीठ ओढणारी पन्नाशीची पदूबाई त्या दारासमोर जाऊन उभी राहिली.

"समदं दार नका उघरू, सायेब. गोडं पानी वर हाय, खारं खाली बसलंय. वरून येकेक फळी कारा."

"इथं ऑर्डर कोण देतं?"

"साहेब, पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. "सँपल घेतो."

तळाचं खारं पाणी आम्ही चार महिने उन्हात आटवत आणलं होतं. ते गेलं तर त्या वर्षी मीठ नाही, आणि चाळीस घरांना कामही नाही. बाटली काठीला बांधून तळाशी नेली, दोरीनं बूच ओढलं. पाण्याचा खारेपणा मोजायचा काचेचा हायड्रोमीटर त्यात सोडला. उंच तरंगला, म्हणजे पाणी चांगलंच खारं! वरच्या पाण्यात तोच खोल बुडाला.

"साहेब, खालचं जसंच्या तसं आहे!" माझा आवाज चिरकला.

साहेबांनी दोनदा स्वतः पाहिलं. मग कोट काढून फळीला हात घातला.

"बिगीनं," पदूबाई म्हणाली. "दुपारचा वारा सुटला का समदं एक व्हईल."

एक फळी काढली. पाणी पातळ पडद्यासारखं खाडीत पडू लागलं. मग दुसरी. मी रीडिंग घेत होतो, पदूबाई बोट बुडवून चाखत होती. तिसरी फळी निघाली आणि थोड्याच वेळात ती ओरडली, "बस! लावा फळी!" मी हायड्रोमीटर बुडवेपर्यंत साहेबांनी फळी ठोकलीसुद्धा. रीडिंग तिच्याच बाजूनं बोललं.

तासाभरात वारा सुटला. तळं हेलकावलं, पण आता मिसळायला गोडं पाणी फारसं उरलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी वाफ्यांत दाणा धरला. बायका फावडी घेऊन गात उतरल्या.

रिपोर्टात मी पदूबाईचं नाव घातलं होतं. वरच्या ऑफिसातून तो टाइप होऊन आला, तेव्हा त्या नावाच्या जागी 'स्थानिक चौकशी' असे दोन शब्द होते. पुढं नोकरीभर मी स्थानिक चौकशी आधी केली, सँपल नंतर घेतलं.