दोन थापा

त्याचा तळहात कधी कशावर आपटलेला मी पाहिला नाही. चहाचा पेला ठेवायचा तोही अलगद, डास मारायचा तोही चिमटीत धरून! पाठीवर कुणी मैत्रीने थाप मारली तरी दचकायचा. "सर, काय बी बोला, पन थाप मारू नका," मला म्हणायचा.

शहाद्याच्या स्टँडबाहेर खासगी गाड्यांसाठी प्रवासी गोळा करणारा हा माणूस आधी एका मिनीबसवर क्लीनर होता. तुम्ही आमच्याकडे अशा गाडीत बसला असाल तर ठाऊक असेल, क्लीनरने पत्र्यावर एक थाप मारली की गाडी थांबते, दोन मारल्या की निघते. मागचं चालकाला काही दिसत नाही. तो थापेवर भरवसा ठेवतो.

एका पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशीपुलावरून पाणी वाहत होतं. हा उतरला, पाण्यातून चालत पलीकडे जाऊन आला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. गाडीवर चढून त्याने दोन थापा मारल्या. गाडी मधोमध असताना वरून लोंढा आला. चालक गेला, काही प्रवासी गेले. हा एका लहान पोरीला धरून बाभळीला लटकला, दोघं वाचले.

"दोन्ही थापा मन्ह्याच व्हत्यात, सर." हे तो मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

काही वर्षांनी सिनेमावाले आले. मी शाळामास्तर. नटांना अहिराणी शिकवायला त्यांनी मला घेतलं आणि खरं सांगतो, मी हुरळून गेलो. त्यांची रीत अशी, की पूर दाखवायचा तर बसमधल्या एकेकाची गोष्ट सांगायची. एक नवरी, एक परीक्षेला निघालेला पोरगा, माहेराहून परतणारी बाळंतीण. मग लोक रडतात. पण राग काढायलाही कुणीतरी लागतो. त्यासाठी त्यांनी चालकाला धरलं. दारू प्यालेला, आणि क्लीनर "थांब, थांब" ओरडत असताना गाडी पाण्यात घालणारा.

मी दिग्दर्शकाला म्हणालो, "असं झालं नव्हतं. चालक प्यायला नव्हता. थापा मीच मारल्या, असं हा स्वतः सांगतोय."

"सर, वाचलेल्या माणसाला असंच वाटत असतं," तो हसला. "आपण त्यांना हीरो करतोय ना!"

तो विषय मी पुन्हा काढला नाही. वर त्या चालक झालेल्या नटाकडून "पानीले काय घाबरनं, मी शे ना!" हे वाक्य मीच घोटून घेतलं. उच्चार जमला म्हणून शाबासकीही दिली. धन्य आहे माझी!

सिनेमा लागला, गावात सत्कार झाला. याला फेटा बांधला. माइक हातात येताच हा म्हणाला, "थापा मीच मार्‍यात. त्या बिचारानी काहीच चूक नव्हती." टाळ्यांचा कडकडाट! "काय मोठ्या मनाचा माणूस," म्हणत शेजारच्या बाई डोळे पुसायला लागल्या. हा खाली येऊन माझ्याजवळ बसला. "सर, कोनी ऐकतच नही," म्हणाला.

तिकडे लोक चालकाच्या बायकोला बेवड्याची बायको म्हणू लागले. ती शहादा सोडून नंदुरबारला मिरचीच्या कामावर गेली.

"तुमी जाईसन सांगा तिले, सिनेमावालासले तसं मी सांगं नही," हा माझ्या मागे लागला. "मन्हा तोंडनं आते सगळं खोटं वाटस."

मी उद्या-परवा करत राहिलो. परीक्षा, पेपर, निवडणुकीची ड्युटी. मास्तरला कारणांची काय कमी? खरं म्हणजे लाज वाटत होती. आणि मग कावीळ होऊन तो गेलाच.

त्याच्या तेराव्यानंतर मी नंदुरबारला गेलो. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, लालभडक मिरची पसरली होती आणि ती देठ खुडत बसली होती. मला ठसका लागला, तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "पानी उतरनं तेच दिवशी तो मन्हा पाय धरीसन ढसढसा रडना. मी म्हनं, भाऊ, लोंढा काय तू धाडा का?" तिने पुढची मिरची उचलली. "सिनेमावालासले कोनीच सांगं नही का?"

"सांगितलं होतं. मी."

"कितला डाव?"

"एकदाच."

ती देठ खुडत राहिली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मन्हा मानूस थाप ऐकाबगर गाडी हलाडे नही, सर. इतलं तरी सिनेमामा दखाडाले पाहिजे व्हतं."