शिफारसपत्रातली विशेषणं

आंतरराष्ट्रीय कायदा हा मानवजातीच्या सदसद्विवेकाचा सर्वोच्च आविष्कार आहे, असं मी वसईच्या एका विधी महाविद्यालयात गेली वीस वर्षं सांगत आलो आहे. मुलं हे वाक्य उतरवून घेतात, कारण ते परीक्षेला येतं.

हाच विषय माझा एक वर्गमित्र युरोपातल्या मोठ्या विद्यापीठात शिकवतो. एलएलएमसाठी आम्ही दोघांनी एकाच वर्षी तिथे अर्ज केला होता. त्याला घेतलं. मला कळवलं की यंदा अर्जांचा दर्जा फार उंच होता. दर नाताळात तो गिरीजला घरी येतो, गावातलं मंडळ त्याला शाल-श्रीफळ देतं आणि प्रास्ताविक मी करतो. भाषणात तो दोन वाक्यं आमच्या बोलीत बोलला की सभागृह हेलावतं. "बघा, अजून विसरला नाही!" मी जन्मभर तीच बोली बोलतोय. त्यासाठी टाळी पडल्याचं आठवत नाही.

मध्यंतरी उमेळ्याची एक विद्यार्थिनी स्टाफरूममध्ये आली. शेवटच्या वर्षाची. तिला त्याच्याच हाताखाली एलएलएम करायचं होतं.

"सर, शिफारसपत्र हवं होतं."

"लिहून आण, सही करतो."

आमच्याकडे हीच रीत. स्तुती विद्यार्थ्याने लिहायची, सही प्राध्यापकाने करायची.

"नुसती सही नाही चालत सर. तुम्हाला लिंक येईल, तुम्हीच अपलोड करायचं." मग जरा थांबून, "ते सर तुमच्याच बॅचचे ना? तुम्ही नव्हता केला अर्ज?"

"केला होता."

"मग?"

"मग काय, तुला शिकवतोय."

तिचा मसुदा आला. वीस वर्षांत इतकी प्रज्ञावान विद्यार्थिनी मी पाहिली नाही, असं त्यात मी म्हटलं होतं. मला पुढचा नाताळ दिसू लागला: व्यासपीठावर ती दोघं आणि माईकसमोर मी. 'प्रज्ञावान' काढलं. 'असामान्य' काढलं. 'नेतृत्वगुण' काढताना तर बरंच वाटलं. या कामाला मी मनात संपादन म्हणत होतो. उरलं ते इतकंच: ही विद्यार्थिनी तासाला नियमित येते, दिलेलं वाचते, न समजलेलं विचारते. हे आम्ही सगळ्यांबद्दलच लिहितो. एवढ्यावर तिला कोणी घेणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पत्र अपलोड केलं आणि डबा खाल्ला.

एप्रिलमध्ये ती पेढे घेऊन आली. प्रवेश मिळाला होता, वर शिष्यवृत्ती. पाठोपाठ त्याचा फोन.

"अरे, काय पत्र लिहिलंस! तिकडून येणाऱ्या प्रत्येक पत्रात वीस वर्षांतला सर्वोत्तम विद्यार्थी असतो. कमिटीत हसतात रे लोक. तुझ्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला. एक शब्द जास्त नाही!"

इतक्या वर्षांत त्याने माझ्या लिखाणाचं केलेलं हे पहिलं कौतुक. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

सप्टेंबरमध्ये ती गेली. तिच्याशिवाय वर्ग सुना वाटतो, असं मी मंडळाच्या अंकात लिहिलं. शेवटच्या वर्षी ती माझ्या तासाला एकूण तीनदा आली होती.